दाराजवळचं कॅरेट

पालकसभेला आई-वडील आले तर माझं काही म्हणणं नसतं. आजी आली की मात्र मी सावरून बसते. आई-वडील ऐकून घेतात, निदान तसं दाखवतात तरी. आजी वर्गात शिरते ती थेट नातवंडाच्या बाकाशी जाते, बाक हलतो का ते बघते, वर पंख्याकडे बघते आणि मग माझ्याकडे असं बघते, की पोर रोडावलं त्याला मीच जबाबदार. इंदिरानगरच्या एका इंग्रजी शाळेत मी बावीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळतेय. इतक्या वर्षांत कुठल्याच आजीपुढे मी हार खाल्लेली नाही. फक्त कुसाबाईंपुढे खाल्ली, आणि तीही सात मिनिटांच्या भेटीत.

आधी त्यांच्या नातीबद्दल सांगते, कारण सगळी भानगड तिनेच करून ठेवली होती.

सृष्टी. वय सहा, वेण्या दोन, समोरचे दात गायब. संक्रांतीनंतर शाळेत आली ती दप्तरात एक निळी प्लॅस्टिकची पट्टी घेऊन. पट्टीला ओळीने पाच गोल भोकं आणि प्रत्येकाखाली आकडा: चौदा, सोळा, अठरा, वीस, बावीस. द्राक्षाचा मणी किती जाड आहे ते मापायची ती रिंग. जन्म नाशकात गेला तरी मला ती ओळखता आली नाही, कंपासपेटीतलं काहीतरी असेल असं वाटलं. सृष्टी त्यात द्राक्षं घालत नव्हती, अंगठे घालत होती. डब्याच्या सुट्टीत पोरं तिच्यापुढे रांग लावायची. ती एकेकाचा अंगठा सोळाच्या भोकात घालायची, डोळा बारीक करून बघायची आणि निकाल द्यायची. अंगठा अडकला तर “तू खिडकीकडे.” आरपार गेला तर “तू दाराकडे.” मग खिडकीखाली एक पंगत, दाराजवळ दुसरी. ती स्वतः दाराजवळच्या पंगतीत बसायची.

तीन दिवस मला याचा पत्ताच नव्हता. डब्याच्या सुट्टीत वर्ग एकदम शांत झाला होता आणि हे माझ्या शिस्तीचं फळ आहे, असं मी स्टाफरूममध्ये सांगूनही बसले होते.

चौथ्या दिवशी तिने माझाही अंगठा मागितला. मोठ्या माणसांना अठराचं भोक. माझा अंगठा अडकला. “मॅडम, तुम्ही खिडकीकडे,” सृष्टी म्हणाली. आता खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. या वयात कोण आपल्याला पास करतं? माझी मदतनीस संजना तेवीस वर्षांची, काडीसारखी. तिचा अंगठा सरळ आरपार गेला. “संजना मिस, तुम्ही दाराकडे.” पुढचा आठवडाभर मी संजनाला ‘नापास बाई’ म्हणून पिडलं. स्टाफरूममध्ये चहाचा कप देतानासुद्धा “दाराशी बसून प्यायचा हं” असं म्हणायचे. ती बिचारी हसायची आणि खरोखरच दाराशी खुर्ची ओढून बसायची.

मग उज्वलाताईंचा फोन आला. त्या हर्षलच्या आई. हर्षल वर्गातला सगळ्यात बारीक मुलगा, त्याचा अंगठा म्हणजे शेवग्याची कोवळी शेंग.

“मॅडम, माझ्या मुलाला तुमच्या वर्गात रिजेक्ट केलंय म्हणे! रोज दाराशी बसून जेवतो तो, बुटांच्या रॅकजवळ!”

दुसऱ्या दिवशी तसेच आणखी तीन फोन आले. सगळे दाराकडच्यांचे. खिडकीकडच्या मुलांच्या घरून तक्रार नव्हती. उलट एका वडिलांनी फाटकापाशी गाठून “आमचा पास झाला ना?” एवढं विचारून घेतलं.

मी तापट आहे, हे सगळी शाळा जाणते. रिंग जप्त करून ड्रॉवरमध्ये टाकली आणि सृष्टीचा बाक ओढून माझ्या टेबलाला लावला. पालकसभेपर्यंत इथेच बसायचं, इथेच डबा खायचा, एकटीने. असं का करतेस, हे मी तिला विचारलं का? विचारलं. पण उत्तर नको असताना विचारतात, तसं विचारलं. शाळेचे सहा दिवस ती माझ्याशेजारी बसून पोळीभाजी खात होती आणि दाराकडे बघत होती. रडली नाही. त्याचाही मला रागच आला.

पालकसभा फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी होती, नऊ ते एक. चौतीस मुलं आणि प्रत्येकाला सात मिनिटं. मी टेबलावर घरचा, कुकरच्या वेळेचा टायमर ठेवते. त्याबद्दल लोक मला नावं ठेवतात, पण टायमर नसला तर पहिलेच पालक मुलाच्या जन्माच्या वेळी काय काय झालं तिथपासून सुरू करतात. सृष्टीची वेळ होती नऊ एकवीस. तिचं प्रगतिपुस्तक मी आदल्या दिवशीच पूर्ण केलं होतं. वागणुकीच्या रकान्यात शाईच्या पेनाने इंग्रजीत लिहिलं होतं, की ही मुलगी वर्गात भेदभाव करते आणि घरून लक्ष देणं गरजेचं आहे.

नऊ एकवीसला तिघी आल्या. पुढे सृष्टीची आई रोहिणी, इस्त्रीचा ड्रेस, हातात स्कूटीची किल्ली. ती एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते, दोन तासांची सवलत मागून आलेली. मधे सृष्टी. आणि मागे पदर डोक्यावर घेतलेल्या, पायात रबरी चपला, हातात नायलॉनची पिशवी अशा साठीच्या बाई. या कुसाबाई, रोहिणीच्या सासूबाई.

मी मनाची तयारी करून बसले होते, की आता या बाकाशी जातील. त्या गेल्या भिंतीशी.

भिंतीवर इंग्रजी मुळाक्षरांचा तक्ता आहे. त्यातल्या जी फॉर ग्रेप्सच्या घडाला डझनभर भोकं पडली होती. क्राफ्टच्या तासाला दिलेल्या कात्रीने सृष्टीने त्यातले मणी कापून काढले होते. आरोपांच्या यादीत ते दुसऱ्या नंबरवर होतं.

“बाई, हे आमच्या सृष्टीनं केलं?” कुसाबाईंनी तक्त्यावरून बोट फिरवत विचारलं.

“आई, बाई नाही. मॅडम म्हणा,” रोहिणी हळूच म्हणाली.

“तिनेच केलं,” मी म्हणाले. “तक्ता नवा होता.”

“विरळणी केली पोरीनं,” कुसाबाई म्हणाल्या. “मॅडम, घड लय गच्च छापलाय हा. असा ठेवला ना, तर मणी फुगत नाय, आतल्या आत सडतो. मधले मधले काढावे लागत्यात. पण देठ कुठं दुखवला नाय बघा तिनं. हात बसलाय.”

मी तक्त्याच्या नुकसानीबद्दल बोलत होते आणि ही बाई मला कामाची प्रत समजावून सांगत होती. मी टायमर थोडा जोरातच आपटून सुरू केला आणि सगळ्यांना बसवलं.

“आता अभ्यासाचं बघू. सृष्टी, टेनच्या पुढे म्हण.”

“फोर्टीन,” सृष्टी म्हणाली. “सिक्स्टीन, एटीन, ट्वेंटी, ट्वेंटी-टू.”

“आणि मधले?”

“मधले नसतात.”

“रिंगीत नसतात ना मॅडम,” कुसाबाईंनी वकिली केली. “आमच्या सुपरवायझरचं, खंडेरावांचंबी तसंच हाय. एक तर सोळा नाय तर अठरा. सतराच्या मण्याला आमच्याकडं कोण विचारीत नाय.”

रोहिणीने कपाळाला हात लावला. मी ड्रॉवर उघडला, निळी रिंग काढून टेबलावर ठेवली आणि अंगठ्यांचं सगळं प्रकरण सांगितलं. खिडकी, दार, चार फोन, सगळं. कुसाबाई रिंगेकडे बघत राहिल्या. मघाचा त्यांचा सगळा तोरा उतरला होता.

“ही रिंग तुला शाळेतून मिळाली म्हणाली होतीस ना?” रोहिणीने सृष्टीला विचारलं.

कुसाबाईंनी पदर सारखा केला.

“तसं मीच सांगायला लावलं होतं,” त्या म्हणाल्या. “रिंग माझी हाय. म्हणजे खंडेरावांची. तडा गेला म्हणून त्यांनी टाकली, मी तिला दिली. चूक माझी हाय, मॅडम. पोरीला काय बोलू नका.”

रोहिणी माझ्याकडे वळली.

“मॅडम, दर शनिवारी आई हिला आडगावच्या पुढे द्राक्षांच्या पॅकहाऊसला, त्यांच्या कामावर घेऊन जातात. मी कधीपासून म्हणतेय, नको. माझी आई नांदगावला मार्केटात कांदा निवडायची. शाळा सुटली की मी तिच्याशेजारी बसायचे. वर्गात मुली माझ्याजवळ बसत नसत, कपड्यांना वास येतो म्हणून. मी शिकले, यातून बाहेर पडले. माझ्या मुलीने परत तिथे जाऊन बसायचं? हे सगळं शनिवारीच शिकते ती. तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तर आजपासून शनिवार बंद. तुमच्या शब्दाबाहेर आई जाणार नाहीत.”

मला रोहिणीचं पटलं. अगदी मनापासून पटलं. ‘हो’ हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. तेवढ्यात माझं लक्ष कुसाबाईंच्या हातांकडे गेलं. त्यांनी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती आणि पिशवीतून दोन कापडी टोप्या डोकावत होत्या. एक मोठी, एक लहान. सभा संपली की आडगाव नाक्यावरून साडेदहाची गाडी धरायची, अशी दोघींची तयारी होती.

कुसाबाईंचं आयुष्य मला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळलं. दिंडोरीकडच्या एका गावात पंधराव्या वर्षी त्यांच्या हातात कात्री आली. दुसऱ्यांच्या बागांत विरळणी कर, घड छाट, पेट्या भर, असे चाळीसच्या वर हंगाम त्यांनी काढले. मालक बदलले, कात्री तीच. नवरा गेल्यावर मुलगा नवनाथ त्यांना इंदिरानगरच्या तिसऱ्या मजल्यावर घेऊन आला. तो अंबडच्या कंपनीत कामाला. घरी टीव्ही, गादी, गरम पाणी. पहिले सात दिवस कुसाबाई पहाटेच उठून गॅलरीत उभ्या राहिल्या. आठव्या दिवशी खाली उतरल्या, विचारत विचारत आडगाव नाक्यापर्यंत गेल्या आणि पॅकहाऊसच्या बायकांना नेणाऱ्या गाडीत जाऊन बसल्या. “आई, तुला इथे काय कमी आहे?” असं नवनाथने विचारलं, तेव्हा “काम” एवढंच म्हणाल्या. त्या भरलेल्या पेट्या जहाजाने परदेशी जातात. त्या स्वतः नाशिक जिल्ह्याबाहेर गेलेल्या नाहीत, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नाही. रविवारी पॅकहाऊस बंद असतं म्हणून रविवार त्यांना आवडत नाही. शनिवार सगळ्यात आवडतो, कारण शनिवारी शाळा नसते आणि गाडीत शेजारी सृष्टी असते.

यातलं मला त्या सकाळी काही ठाऊक नव्हतं. मला दिसल्या त्या फक्त दोन टोप्या.

टायमर किरकिरला. सात मिनिटं संपली आणि दारात नऊ अठ्ठावीसच्या उज्वलाताई हजर. सोबत हर्षल. त्यांनी एका नजरेत टेबलावरची रिंग बघितली, सृष्टी बघितली आणि सरळ आत आल्या.

“हीच ना ती? बरं झालं, सगळे समोरासमोर आहेत. विचारा तिला, मॅडम. माझ्या मुलात काय कमी आहे म्हणून दाराशी बसवते?”

हर्षलला मात्र कशाचंच काही नव्हतं. त्याने आईचा हात सोडवून घेतला आणि सृष्टीच्या खुर्चीवर, उरलेल्या अर्ध्या जागेत, जाऊन बसला. सृष्टीही सरकली. सहा दिवसांत पहिल्यांदा मी तिला हसताना पाहिलं.

कुसाबाईंनी नातीकडे वळून अगदी सरळ विचारलं. “का गं, ह्याला कुठं बसवला होता?”

“दाराच्या कॅरेटात,” सृष्टी म्हणाली.

“आणि खिडकीकडं कोण?”

“जाणारे.”

कुसाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या.

“अवो ताई,” त्या उज्वलाताईंना म्हणाल्या, “तिनं तुमच्या पोराला घरी ठेवून घेतलाय!”

आम्हा तिघींनाही काही कळलं नाही. मग त्यांनी रिंग हातात घेऊन समजावून सांगितलं, आणि मी टायमर पुन्हा लावायचं विसरले.

“आमच्याकडं टेबलावर माल येतो. जो मणी रिंगीत अडकला, हिरवागार, एकसारखा, तो पेटीत जातो. पेटी कंटेनरमधी, कंटेनर जहाजात. हॉलंडला जातो म्हणत्यात. तो काय परत दिसत नाय. बारका मणी, उन्हानं पिवळा पडलेला, त्याला तिकडं कोण घेत नाय. त्याचं प्लॅस्टिकचं जाळीचं कॅरेट दाराजवळ असतं. संध्याकाळी घरी निघताना आम्ही बायका त्यातनंच ओंजळ ओंजळ घेतो. आणि पिवळा मणी लय गोड असतो, मॅडम. सगळी साखर त्याच्यात उतरलेली असती. त्या हॉलंडवाल्यांना ठावंच नाय. आत बारक्या पोरांना घेत नायत, म्हणून ही शनिवारी त्या कॅरेटापाशी बसून असती. मीच तिला सांगितलं, पेटीतल्यात जीव अडकवू नको, ते जाणारे. हे दाराजवळचे आपले.”

“हर्षल आपला आहे,” सृष्टीने पुस्ती जोडली. “खिडकीतून कंटेनर दिसतात. म्हणून जाणारे तिकडे.”

आमच्या वर्गाच्या खिडकीतून हायवे दिसतो, हे खरं आहे. त्यावरून दिवसभर कंटेनर जातात, हेही खरं आहे.

उज्वलाताई बघतच राहिल्या. भांडायला म्हणून जमवलेला सगळा दम त्यांना कुठे ठेवावा ते समजेना. “म्हणजे... त्याला आवडीने बसवत होती?” असं त्यांनी दोनदा विचारलं. “मी तुला सांगत होतो ना मम्मी,” हर्षल म्हणाला. तो सांगत असणारच. आमच्यापैकी कोणी ऐकून घेतलं नव्हतं. पास, नापास, रिजेक्ट यातला एकही शब्द त्या पोरीच्या तोंडचा नव्हता. ते सगळे आम्हा मोठ्या माणसांनी घरून आणलेले.

आणि मग माझ्या डोक्यात हळूच प्रकाश पडला. माझा अंगठा अठराला अडकला होता. मी आठवडाभर कौतुकाने मिरवत होते, संजनाला चिडवत होते, आणि या सहा वर्षांच्या मुलीने मला पास केलंच नव्हतं. मला हॉलंडला पाठवलं होतं.

मला खरोखर वाईट वाटलं. बावीस वर्षांत इतकं कधी वाटलं नव्हतं.

कुसाबाई मात्र तिथे थांबल्या नाहीत. त्यांचं हसू ओसरलं होतं.

“पण सृष्टे, खिडकीकडची पोरं कुठं जाणार हायेत गं? त्यांच्या आया काय त्यांना जहाजात घालणार हायेत?”

सृष्टीने खांदे उडवले.

“माझा अंगठा मापलास का कधी?”

“नाय.”

“मग माप.”

त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. इतक्या वर्षांच्या कात्रीने त्या अंगठ्याचा सांधा लिंबाएवढा सुजलेला होता आणि नख आडवं वाढलं होतं. सृष्टीने रिंग घेतली. अठराच्या भोकात अंगठा शिरला नाही. विसाच्या नाही. तिने बावीसचं भोक लावलं, फिरवलं, दाबलं. अंगठा पेरापाशीच अडकला.

“अडकला का?”

“हो.”

“सगळ्यात मोठ्यातबी?”

“हो.”

“मग मला बसव आता. कुठं बसू? खिडकीकडं?”

सृष्टीने खिडकीकडे पाहिलं. मग आजीकडे. आणि जी मुलगी सहा दिवस माझ्या शेजारी कोरड्या डोळ्यांनी डबा खात होती, ती भोकाड पसरून रडायला लागली.

“तू नाय जायचं! तू दाराकडे! तू दाराकडे!”

“अगं पण रिंग तर म्हणती जा.”

“रिंग खोटी आहे!” सृष्टीने रिंग भिरकावली. ती बुटांच्या रॅकवर जाऊन आदळली.

“खोटी नाय गं,” कुसाबाईंनी तिला पोटाशी घेतलं. “द्राक्षाला ती खरीच हाय. माणसाला लावायची नाय, एवढंच. मी सांगायला पायजे होतं, राहून गेलं. आणि उचलून आण जा ती, द्राक्षाला लागती.”

उज्वलाताई पर्समध्ये रुमाल शोधत होत्या. रोहिणीने खुर्ची पुढे ओढली आणि सासूबाईंचा तो हात आपल्या हातात घेतला. तिने बहुधा पहिल्यांदाच तो इतक्या जवळून पाहिला असावा.

“आई, हा सांधा कधीपासून सुजलाय?”

“दिवाळीपासनं.”

“आणि मला बोलला नाहीत?”

“बोलले असते तर तू माझे सगळेच वार बंद केले असतेस.”

रोहिणीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. ती बराच वेळ अंगठा चोळत बसली. मग तिने मला पुन्हा विचारलं, पण मघासारखं नाही. या वेळी तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“काय करू, मॅडम?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले, हर्षलसुद्धा. मी प्रगतिपुस्तक उघडलं. वागणुकीच्या रकान्यातलं माझं सुंदर, वळणदार इंग्रजी वाक्य वाचलं. मग पर्समधून व्हाइटनर काढला. बावीस वर्षांत मी प्रगतिपुस्तकावर व्हाइटनर लावलेला नाही; जो शिक्षक लावतो त्याला मी चारचौघांत बोलते. लावला. पूर्ण ओळ पांढरी केली, फुंकर घातली, आणि त्यावर मराठीत लिहिलं, ‘जीव लावते.’ याला इंग्रजीत काहीतरी असेल, पण मला तेव्हा आठवलं नाही.

“रोहिणी,” मी म्हणाले, “तुझं जे म्हणणं आहे ना, ते मला पटतं. मुलगी शिकलीच पाहिजे, आणि शिकेल. पण तिने दाराशी बसवलं तेव्हा कोणाला एकटं नाही बसवलं, स्वतः शेजारी बसली. एकटं मी बसवलं तिला, सहा दिवस. माझी चूक झाली. शनिवार राहू दे. फक्त एक अट आहे, कुसाबाई. जाता-येता गाडीत मधले आकडे म्हणून घ्यायचे. इलेव्हन, थर्टीन, फिफ्टीन.”

“मला कुठं येत्यात इंग्रजीतले, मॅडम?”

“मग ती तुम्हाला शिकवेल.”

कुसाबाईंनी रोहिणीकडे पाहिलं. माझ्या होकाराला त्यांच्या लेखी तितकीशी किंमत नसावी. त्यांना तिचा हवा होता. रोहिणीने नायलॉनची पिशवी उचलली, आतली लहान टोपी काढली, झटकली.

“गाडी साडेदहाचीच ना?” ती म्हणाली. “चला, नाक्यापर्यंत सोडते तुम्हाला. आणि संध्याकाळी आमच्या दवाखान्यात या. शेजारीच हाडांचे डॉक्टर आहेत. अंगठा दाखवायचा, नाहीतर मग खरंच शनिवार बंद.”

“दाखवते,” कुसाबाई लगेच म्हणाल्या. इतक्या लगेच, की मला त्यांची दया आली. पोरीच्या शनिवारासाठी त्यांनी त्या क्षणी हात कापूनही दिला असता.

त्या उठल्या. सृष्टीने नाक पुसलं, टोपी घातली, रॅकवरून रिंग उचलून आजीच्या पिशवीत टाकली. दारापर्यंत जाऊन ती थांबली आणि आईचा हात सोडून माझ्या टेबलापाशी परत आली.

“मॅडम, अंगठा द्या.”

“रिंग तर टाकलीस ना?”

“द्या ना.”

मी दिला. तिने दोन्ही हातांची बोटं एकमेकांना लावून एक मोठं भोक केलं. एवढं मोठं, की त्यातून माझा अख्खा हात गेला असता. मग डोळा बारीक करून त्यातून माझा अंगठा अगदी सावकाश, कुठे लागू न देता आरपार नेला.

“गेला,” ती म्हणाली आणि आजीच्या मागे पळाली.

पुढच्या सहा पालकांशी मी काय बोलले ते मला आठवत नाही. सवा दहाला चहाची पाच मिनिटं असतात, तेव्हा मी स्टाफरूममध्ये गेले. संजना रोजच्यासारखी दाराशी खुर्ची ओढून बसली होती. मला बघून ती उठायला लागली.

“बस गं,” मी म्हणाले, आणि दुसरी खुर्ची ओढून तिच्या खुर्चीला लावली. “सरक जरा. मलाही इथेच बसायचंय.”